अमेरिकन फुटबॉलचे संघ ड्राफ्टमध्ये खेळाडू कसे निवडतात? तिथेही आयपीएलसारखा लिलाव असतो का?

नाही, बोलीच लागत नाही. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगचे ३२ संघ एप्रिलमध्ये कॉलेजातून बाहेर पडणारी पोरं पाळीपाळीने उचलतात, सात फेऱ्यांत. आदल्या हंगामात तळाला राहिलेल्याचा नंबर पहिला, सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, जिंकलेल्याचा शेवटचा. पगारही २०११ पासून नंबरावरच ठरतो. २०१० मध्ये पहिला निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचे ७.८ कोटी डॉलर मिळाले होते. पुढच्याच वर्षी कॅम न्यूटनला चार वर्षांचे २.२ कोटी. नवा पोरगा स्वस्तात मिळतो आणि चार वर्षं स्वस्तच राहतो. संघांना खरी गोडी याची आहे.

तयारी वर्षभर चालते. स्काउट, म्हणजे संघांचे खेळाडू हेरणारे, कॉलेजं पालथी घालतात, सामन्यांची चित्रफीत पुन्हा पुन्हा बघतात. मग इंडियानापोलिसला ‘कम्बाइन’, म्हणजे या पोरांच्या चाचण्यांचं शिबिर, भरतं. टीव्हीवर आपल्याला ४० यार्डांची धाव दिसते, पण संघांना जास्त रस असतो तो डॉक्टरांच्या तपासणीत. गुडघा, खांदा, जुनी शस्त्रक्रिया, सगळं उकरून काढतात. कितीतरी नावं तिथेच यादीतून उडतात. उरलेल्यांना गुण देऊन उतरत्या क्रमाने फळ्यावर लावायचं. चाहते ओरडत असतात, ‘अमुक जागा रिकामी आहे, तिथलाच घ्या!’ शहाणा संघ मार्चमध्येच जुना करार संपून मोकळ्या झालेल्या खेळाडूंशी करार करून भगदाडं बुजवून घेतो, म्हणजे एप्रिलमध्ये गरजेपोटी कच्चा माल उचलावा लागत नाही.

नंबरांची अदलाबदलही होते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रशिक्षक जिमी जॉन्सनच्या डॅलस काउबॉइजनी त्यासाठी कोष्टकच केलं: पहिला नंबर ३००० गुणांचा, बत्तिसावा ५९०चा. बाकीच्यांनीही तेच उचललं. पुढे केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (यातले थेलर २०१७ चे अर्थशास्त्राचे नोबेल विजेते) या दोघा अभ्यासकांनी हिशेब मांडला, तर वरचे नंबर भलतेच महाग निघाले. एकाच जागेवरचे दोघे लागोपाठ निवडले गेले, तर आधी घेतलेला सरस ठरण्याचं प्रमाण होतं ५२ टक्के. छापा-काटाच की!

मी कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारात राहतो, सॅन फ्रान्सिस्को फोर्टी नाइनर्स या संघाच्या स्टेडियमपासून जवळच. त्यामुळे पुढची गोष्ट मी जिवाला लावून घेतलेली आहे. २०२१ मध्ये आमच्या संघाने तिसरा नंबर मिळवण्यासाठी मायामीला आपला बारावा नंबर, पुढच्या दोन्ही वर्षांचे पहिल्या फेरीतले नंबर आणि वर तिसऱ्या फेरीतला एक दिला. घेतला ट्रे लान्स, क्वार्टरबॅक (चेंडू फेकून संघाची चढाई चालवणारा), कॉलेजात एकच पूर्ण हंगाम खेळलेला. आमच्याकडून तो जेमतेम चार सामन्यांत सुरुवातीपासून खेळला, त्यातल्या शेवटच्यात घोटा मोडला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये त्याला डॅलसला दिलं, बदल्यात चौथ्या फेरीतला एक नंबर.

आणि २०२२ मध्ये याच संघाने, याच माणसांनी, अगदी शेवटच्या, २६२व्या नंबरावर ब्रॉक पर्डीला घेतलं होतं. शेवटच्या नंबरवाल्याला इथे थट्टेने ‘मिस्टर इररेलेव्हंट’ म्हणतात, थोडक्यात बिनकामाचे राव. दोन क्वार्टरबॅक जायबंदी झाले म्हणून डिसेंबरात तो मैदानात उतरला, आणि २०२३ चा हंगाम त्याने थेट सुपर बोलपर्यंत नेला. त्या वर्षीचा पगार: ८ लाख ७० हजार डॉलर. क्वार्टरबॅकवर वाचलेला पैसा बाकीच्या तालेवार खेळाडूंवर ओतता आला.

म्हणून माझं मत असं, की एकाच पोरावर सगळं लावण्यापेक्षा जास्त नंबर गाठीशी ठेवणारा संघ मला हुशार वाटतो. (हे मी २०२१ मध्ये म्हणत नव्हतो. तेव्हा लान्ससाठी टाळ्या पिटणाऱ्यांत मीही होतो.)

२०२५ च्या मे महिन्यात पर्डीने पाच वर्षांचा २६.५ कोटी डॉलरचा करार केला. स्वस्ताई संपली. त्याच वर्षी मार्चमध्ये बरेच जुने, महागडे खेळाडू संघाबाहेर गेले होते, आणि एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये फोर्टी नाइनर्सनी ११ पोरं उचलली.