टाळू बसली, बाटली लावा

"म्याडम, लेकराची टाळू बसली. बाटली लावा एकदाची."

पहिला पाऊस पडून आठवडा झाला की आमच्या ग्रामीण रुग्णालयात हे वाक्य रोज ऐकू येतं. बाटली म्हणजे सलाईन. त्या दिवशीचं बाळ 9 महिन्यांचं होतं, वजन 7 किलो. दोन दिवसांपासून पातळ संडास, दिवसाला आठ-दहा वेळा. आई गप्प, बोलायला आजी. आणि बाळाच्या टाळूवर तेलात भिजवलेला कापसाचा बोळा.

नोकरीला नवीन होते तेव्हा असा बोळा दिसला की मी आधी तोच काढायला लावायची, वर दोन शब्द सुनवायची. समोरची बाई मान हलवायची आणि पुढच्या खेपेला थेट गावातल्या सुई टोचणाऱ्याकडे जायची. बऱ्याच वर्षांनी माझ्या डोक्यात उजेड पडला, की आजीचं निदान चुकलेलं नसतंच. अंगातलं पाणी कमी झालं की तान्ह्या बाळाची टाळू खरंच खोल जाते. डॉक्टरही तेच बघतात. चुकतो तो उपाय.

डॉक्टरांनी बाळाचे डोळे पाहिले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती सावकाश परत गेली. पण चमच्याने पाणी दिल्यावर बाळ अधाशासारखं प्यायलं. म्हणजे सलाईनची गरज नव्हती. किलोला 75 मिलीच्या हिशेबाने 4 तासांत साधारण सव्वापाचशे मिली ओआरएस, म्हणजे मीठ-ग्लुकोजचं पाणी, पाजायचं आणि मग पुन्हा तपासायचं, असं ठरलं. मायलेकराला आणि आजीला माझ्या खोलीतल्या बाकड्यावर बसवलं.

"आजी, टाळू बसली हे तुम्ही बरोबर ओळखलं," मी म्हटलं. आजी जरा सैल झाल्या. "पण वरून तेल घालून ती वर येईल का? पाणी आतलं गेलंय."

"म्हंजी आडातच न्हाई," आजी म्हणाल्या. पोहऱ्याचं मला सांगावं लागलं नाही.

तरी पाण्याने काय होणार, ही शंका होतीच. मग मी त्यांना बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या सालची गोष्ट सांगितली. 1971 साली बांगलादेशच्या लढाईत लाखो निर्वासित बंगालात आले. बनगावच्या छावणीत पटकीची साथ आली आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तिथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ड्रमांतून लोकांना प्यायला दिलं. पाजायला नर्स नव्हेत, घरचीच माणसं. छावणीतले मृत्यू झपाट्याने कमी झाले. जुलाबातसुद्धा आतड्याचं एक दार उघडं राहतं. ग्लुकोज त्यातून आत जाताना मिठाला सोबत नेतं आणि मिठामागे पाणी जातं. नुसतं पाणी पाजलं तर ही सोबत मिळत नाही.

"बहात्तरला आमी सुकडी खाऊन जगलो," आजी म्हणाल्या आणि चमचा स्वतःच्या हातात घेतला. दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. मधे बाळाला उलटी झाली तेव्हा 10 मिनिटं थांबून पुन्हा, आणखी हळू.

आता आई बोलायला लागली. आशाताईंनी ओआरएसचं पाकीट दिलं होतं, तिने ते चहाच्या कपात कालवलं. बाळाने थुंकून टाकलं, ते बरंच झालं. 1 लिटरचं पाकीट कपभर पाण्यात घातलं तर मीठ इतकं वाढतं की बाळाच्या जिवावर बेतू शकतं. घरात माप नसेल तर विकतच्या पाण्याची लिटरची बाटली असतेच. त्या बाटलीने मोजायचं, अख्खं पाकीट एकदम टाकायचं, 24 तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. बाळाच्या वडिलांनी मेडिकलमधून फळाच्या चवीच्या पेयाचा खोकाही आणला होता. त्यात साखर भरमसाट असते, तिने जुलाब वाढू शकतात. असल्या पेयांच्या नावात 'ओआरएस' लिहायला एफएसएसएआय या केंद्राच्या अन्न सुरक्षा संस्थेने 2025च्या ऑक्टोबरात बंदी घातली, पण गोड ते औषध ही समजूत अजून जात नाही.

"पण दात यायलेत म्हणून होतंय ना?" आईने विचारलं. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. दात येतात त्याच वयात बाळ रांगतं, दिसेल ते तोंडात घालतं, वरचं खाणं सुरू होतं आणि आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत असते. दातांवर फुकटचा आळ येतो. या घरात दोषी सापडली ती दुधाची बाटली. आई रोजंदारीवर गेली की आजी बुचाच्या बाटलीने गाईचं दूध पाजायच्या आणि तीच बाटली नुसती विसळून पुन्हा वापरायच्या. त्या बुचातली साय काढायला कुणाचं बोट जात नाही. वाटी-चमचा सुरू करायचं ठरलं. शी धुतल्यावर आणि भरवण्याआधी साबणाने हात, हेही. अंगावरचं दूध आजींनी बंद करायला लावलं होतं, ते मी तिथेच सुरू करायला लावलं. नेहमीची मऊ खिचडीही चालू ठेवायची. अँटिबायोटिक डॉक्टरांनी दिलं नाही, शीमध्ये रक्त नव्हतं.

4 तासांनी बाळाने आजीचा पदर ओढला आणि लघवी केली. इतक्या आनंदाने ओलं झालेलं लुगडं मी क्वचितच पाहिलंय.

जाताना झिंकची पट्टी दिली. रोज 20 मिलिग्रॅमची एक गोळी चमचाभर अंगावरच्या दुधात विरघळवून, 14 दिवस. इथे माझा अनुभव वाईट आहे. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबतात आणि गोळ्या देव्हाऱ्यामागे जातात. पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब होण्याची शक्यता झिंक कमी करतं, हे मी तिघांनाही दोनदा सांगितलं, बाळाला धरून. बाळ पीत नाहीसं झालं, मलूल पडलं, सगळं उलटून टाकू लागलं किंवा शीमध्ये रक्त दिसलं तर रात्रीसुद्धा यायचं, तेव्हा सलाईनची बाटलीही लागू शकते, हेही.

पंधराव्या दिवशी आजी एकट्याच आल्या, रिकामी पट्टी दाखवायला. "चौदाच्या चौदा," म्हणाल्या.

"आणि तेल?"

"ते घालते की," आजी हसल्या. "पण आधी पाजते."