मूल्यांकन खात्यात फक्त सिव्हिल इंजिनिअरच घ्यावेत का?

करआकारणीसाठी व्हॅल्युअर, म्हणजे मालमत्तेचं मूल्य ठरवणारे, कसे निवडावेत, किती दिवसांत तयार होतात आणि सिव्हिल इंजिनिअरच घ्यावेत का, असं विचारलंय. शेवटचं आधी सांगतो: नाही. हा हट्ट जुना आहे आणि चुकीचा आहे. इमारत बांधायला किती लागले हे इंजिनिअरला कळतं. ती बाजारात कितीला जाईल, हे गणित वेगळं.

लेखी परीक्षा चाळणीपुरती ठेवा. उमेदवाराच्या हातात टेप द्या आणि कोनाकोपऱ्यांची इमारत बाहेरून मापून स्केच काढायला लावा. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज जुळलीच पाहिजे. न जुळलेलं स्केच तसंच देऊन मोकळा होणारा नको. आतून मापणारेही भेटतात. बाहेरून ९ बाय १२ मीटर म्हणजे १०८ चौरस मीटर. २३ सेंटिमीटरच्या भिंती वगळून आतून मापलं की ९८.५५ उरतात. जवळपास ९ टक्के गायब! शेजारचं घर बाहेरून मापलेलं असेल तर हरकत आलीच म्हणून समजा.

मग विकलेल्या तीन मालमत्तांवरून चौथीची किंमत काढायला सांगा. विकलेलीला लिफ्ट आहे, आपलीला नाही, तर विकलेलीच्या किमतीतून वजा करायचं. नवखे हमखास मिळवतात, आणि ५ टक्क्यांच्या फरकाची १० टक्क्यांची चूक होते.

प्रशिक्षणात व्यवहार तपासणी सगळ्यात आधी. नात्यातली विक्री, लिलाव, अर्धाच हिस्सा, किमतीत धरलेलं फर्निचर हे वेगळं काढता येईपर्यंत सूत्रांना हात लावू देऊ नका. नंतर गुणोत्तर: ठरवलेलं मूल्य भागिले विक्रीची किंमत. सगळी गुणोत्तरं चढत्या क्रमाने लावली की मधलं येतं तो मध्यक. त्या मध्यकापासूनचं सरासरी अंतर मध्यकाच्या टक्क्यांत मांडलं की सीओडी, म्हणजे मूल्यांकन किती एकसारखं झालंय याचं माप. आयएएओ या करमूल्यांकन अधिकाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मानकांत घरांसाठी तो साधारण ५ ते १५ चालतो. ५ च्या खाली आला तर शाबासकी नको, फायली मागवा. विकलेल्या घरांचंच मूल्य विक्रीभावाला आणून टेकवलं आणि बाकीची जुन्या आकड्यावर सोडली, तरी तो असाच देखणा दिसतो.

दिवस मोजू नका. हरकतींच्या सुनावणीसकट मूल्यांकनाची एक पूर्ण फेरी ज्येष्ठाबरोबर काढल्याशिवाय स्वतंत्र सही नाही. ‘सिस्टीमने काढलंय’ हे सुनावणीतलं उत्तर नव्हे.

हां, कारखाने, इस्पितळं फारशी विकली जात नाहीत. तिथे पुनर्बांधणीच्या खर्चातून घसारा वजा करावा लागतो, त्या टेबलावर इंजिनिअर हवाच. पण घसारा म्हणजे नुसतं वय नव्हे. भिंती ठणठणीत असूनही मांडणी कालबाह्य झाली की किंमत उतरते, हे त्यालाही शिकवावंच लागतं.