तीन लाखांतली उद्याची क्लासिक

बडोदा

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. पहिली नोकरी लागली, हाताशी तीन लाख आहेत, आणि घरच्यांचं म्हणणं की हप्त्यावर नवी छोटी गाडी घेऊन मोकळी हो. तुला मात्र अशी गाडी हवी आहे जी आज परवडेल आणि पुढे जिला लोक क्लासिक म्हणतील. तुझ्या बाबांना हा पोरखेळ वाटतो. मला वाटत नाही. फक्त एक गोष्ट आधी मनाशी पक्की कर. पुढे भाव येईल म्हणून घेणार असशील, तर घेऊ नकोस, सरळ एफडी कर. इतकी वर्षं छपराखालची जागा, इन्शुरन्स, टायर, बॅटरी असा हिशेब मांडलास तर वाढलेला भाव त्यातच विरून जातो. चालवायला आवडते म्हणून घेणार असशील, तर पुढचं वाच.

आपल्याकडे क्लासिक म्हटलं की लोकांना लक्ष्मी विलास पॅलेसच आठवतो. जानेवारी २०२३ मध्ये तिथे ‘२१ गन सॅल्यूट’चं जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं होतं, तेव्हा राजेरजवाड्यांच्या गाड्या सगळ्या शहरात चर्चेला आल्या. त्या गाड्या जन्मालाच दुर्मीळ होत्या. तुझ्या बजेटमधल्या गाड्यांचं गणित उलटं आहे. त्यातल्या बहुतेक ढिगाने निघाल्या, आणि ढिगाने निघालेली वस्तू कोणी जपत नाही. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हातून दिल्लीच्या हरपाल सिंगांना पहिल्या मारुती ८०० ची किल्ली मिळाली. ते गेल्यानंतर तीच गाडी घराबाहेर गंजत पडली होती. पुढे ती पुन्हा उभी केली गेली आणि कंपनीच्या मुख्यालयात विराजमान झाली. देशातल्या पहिल्या मारुतीची ही गत, तर बाकीच्या ८०० कुठे गेल्या ते सांगायला नको. सगळ्या भंगारात गेल्यावर जी एखादी न बिघडवता उरते, तिच्याकडे लोक वळून बघतात. तुला ती एखादी शोधायची आहे.

मग शोधायचं काय? ज्यात असं काही आहे जे कंपन्या पुन्हा करणार नाहीत. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ म्हणजे गाड्यांच्या धुराचे कडक नियम लागू झाले आणि कितीतरी चांगली इंजिनं त्या दिवशी इतिहासजमा झाली, कारण छोट्या गाडीत ती नियमात बसवण्याचा खर्च निघेना. त्याआधीच्या गाड्या वजनाला हलक्या होत्या आणि स्टीअरिंगमधून रस्ता हाताला कळायचा. माझ्या मते तुझ्या पैशांत सगळ्यात सरस दोन. एक, १९९३ मध्ये आलेली मारुती झेन. ९९३ सीसीचं ॲल्युमिनियमचं इंजिन, वरच्या आरपीएमला गाणारं. हीच गाडी ‘ऑल्टो’ नावाने युरोपात जायची. दुसरी, आपल्याकडची पहिल्या पिढीची होंडा सिटी, आणि तीही २००० मध्ये आलेली दीड लिटरची व्हीटेक. १०६ बीएचपी ताकद, तीही त्या काळात आणि तेवढ्या वजनाला. चालवलीस की माझं म्हणणं कळेल. दोन्हींना आजच्यासारखी सुरक्षा नाही, तेव्हा एक्स्प्रेसवेवर रोज अमदावाद करायचं असेल तर या तुझ्या कामाच्या नाहीत.

फियाट पालिओ १.६ हीसुद्धा मनाची गाडी, पण पार्टसाठी वणवण करायची तयारी हवी. २०१३ ची पोलो जीटी टीएसआय बजेटच्या थोडी वर जाईल. तिचा सात गिअरचा डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, दुरुस्तीला निघाला तर तुझे दोन-तीन पगार जातील, म्हणून सर्व्हिसची सगळी बिलं असतील तरच. २०१७ ची बलेनो आरएस आणि २०१८ ची टियागो जेटीपी या नेहमीच्या गाड्यांच्या जास्त ताकदीच्या आवृत्त्या, त्यांवर लक्ष ठेव. दोन्ही थोड्या काळात बंद झाल्या, थोड्या विकल्या गेल्या, आणि सर्व्हिस कुठेही होते.

आणि टाटा नॅनो. हसू नकोस. ही गाडी क्लासिक होणार याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. २००९ मध्ये आली, २०१८ मध्ये संपली, आपल्याच साणंदला बनायची. मागे ठेवलेलं ६२४ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, लाखाच्या भावात बसवलेली चार माणसं. सुरुवातीच्या नॅनोची डिकी बाहेरून उघडतच नाही, सामान मागची सीट पाडून आतून ठेवावं लागतं. पैसा वाचवण्यासाठी इंजिनीअरांनी किती खोलवर विचार केला होता ते अशा जागी दिसतं. लोक तिला आज कवडीमोलाने काढतायत. जुन्यातली, मूळ रंगातली मिळाली तर घेऊन ठेव, छोट्या अंगणातही मावते.

ओपेलबद्दल तू विचारलंस. मी हलोलला, जनरल मोटर्सच्या कारखान्यात, क्वालिटीत होतो. १९९६ पासून तिथे ओपेल ॲस्ट्रा बनायला लागली, मग कोर्सा आली. दार लावल्यावर जो भरीव आवाज यायचा तो आम्ही प्रत्येक गाडीला तपासायचो. २०१७ मध्ये जनरल मोटर्सने देशातली विक्री थांबवली, आता त्या कारखान्यातून एमजीच्या गाड्या निघतात. कोर्सा माझ्या जिवाची आहे, तरी पहिली गाडी म्हणून तू घेऊ नकोस. एक काच फुटली तर महिनोन्महिने गाडी उभी राहील आणि तुझा उत्साह तिथेच संपेल.

गाडी बडोद्यातली बघणार असशील तर सगळ्यात आधी पुराचं तपास. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा किती गाड्या बॉनेटपर्यंत बुडाल्या ते तू पाहिलं आहेस. त्यातल्या बऱ्याच धुऊनपुसून पुन्हा बाजारात आल्या. चकचकीत डॅशबोर्डला भुलू नकोस. ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढ. आतला जो भाग एरवी गुंडाळीत असतो त्यावर मातकट रेघ दिसली की विषय संपला. सीटच्या रुळांचे बोल्ट बघ, कार्पेट कोपऱ्यातून उचलून खाली बोट फिरव, स्टेपनी काढून तिची खोबण बघ. फ्यूज बॉक्सचं झाकण उघड. पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर असेल तर ती गाडी पुढची दहा वर्षं तुला कुठल्या ना कुठल्या चौकात उभी करेल. पॉलिसीही माग. मालक तोच असून २०२४ नंतरच्या नूतनीकरणात नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची सवलत, एकदम शून्यावर आला असेल, तर का ते विचार.

दिल्लीची गाडी स्वस्त मिळते, कारण तिथे डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांची मर्यादा घातली गेली. घ्यायला हरकत नाही, पण आरटीओचं ना हरकत पत्र, म्हणजे एनओसी, मालकाच्या हातात असल्याशिवाय टोकन देऊ नकोस. इथला रोड टॅक्स आणि आरटीओचा खर्च धरून मग स्वस्त की महाग ते ठरव. खाजगी गाडीचं आरसी, म्हणजे नोंदणीपत्र, १५ वर्षांनी संपतं आणि नंतर दर ५ वर्षांनी फिटनेस करून वाढवावं लागतं. मुदत संपलेलं आरसी ‘नंतर करून देतो’ म्हणणाऱ्याकडे वळूसुद्धा नकोस.

आता सगळ्यात महत्त्वाचं. घेतल्यावर तिच्याशी खेळू नकोस. मोठे अलॉय, जाड सायलेन्सर, काळ्या हेडलाइट, वरून दुसऱ्या रंगाचं रॅप, हे सगळं तुझ्या वयात करावंसं वाटतं आणि दुकानदारही आग्रह करतात. केलंसच तर काढलेला प्रत्येक मूळ भाग, अगदी व्हील कॅपसुद्धा, नाव लिहून पेटीत ठेव. सरकारचा २०२१ चा नियम हेच बघतो. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल न केलेली गाडीच व्हिंटेज म्हणून नोंदते. म्हणजे १९९३ ची झेन २०४३ मध्ये, आणि २०१३ ची पोलो २०६३ मध्ये. तेव्हा तू माझ्या वयाची असशील. मॅन्युअल, दुसरी किल्ली, पहिलं इनव्हॉइस, जुनी बिलं हे सगळं मालकाकडून मागून घे. लोक ते रद्दीत देतात, आणि पुढे कितीही पैसे मोजले तरी मिळत नाही.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि सील त्यासाठी बनवलेले नाहीत. घेतल्याच्या पहिल्या महिन्यातच फ्यूएलचे पाइप बदलून घे, आणि टाकी भरून गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नकोस. आठवड्यातून एकदा तरी इंजिन पूर्ण तापेल इतकी चालव.

रविवारी करेलीबागेतली ती झेन बघायला जाणार आहेस ना, तर सकाळी लवकर जा आणि मालकाला आदल्या दिवशीच सांग, गाडी आधी सुरू करून ठेवू नका. गार इंजिन पहिल्या फटक्यात लागतं का, सायलेन्सरमधून निळा धूर येतो का, हे तेव्हाच कळतं. बॉनेटच्या बिजागरांचे आणि फेंडरचे बोल्ट बघ. डोक्यांवरचा रंग पान्याने उडालेला असेल तर ते कधीतरी खोललेत, म्हणजे गाडी ठोकलेली असू शकते. चारही दारांच्या काचांवरचा सालाचा आकडा जुळतो का तेही बघ. काही शंका आली तर तिथूनच फोन कर, मी अकरापर्यंत घरीच आहे. पसंत पडली तरी पैसे सोमवारी, आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून मगच.

तुझा काका