अक्षरं सगळी येतात, पण जोडून शब्द वाचता येत नाही. मुलाला कसं शिकवू?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा साडेपाच वर्षांचा आहे, क ते ज्ञ बिनचूक म्हणतो, पण 'कमळ' समोर ठेवलं की 'क, म, ळ' म्हणून थांबतो आणि तुमच्या तोंडाकडे बघत बसतो. मी 21 वर्षं बालवाडीत शिकवतेय, अशी चार-पाच मुलं वर्गात दरवर्षी असतातच. मागे एक मुलगी बोट ठेवून 'न... ळ...' म्हणाली, शेजारचं चित्र पाहिलं आणि ठासून म्हणाली, 'पाणी!'

हसू आलं, पण तिचं तरी काय चुकलं? सुटं अक्षर म्हणताना आपण प्रत्येकाच्या शेवटी 'अ' लावतो. ते जसंच्या तसं जोडलं तर 'नळअ' होतं, आणि असला शब्द तिने घरात कधी ऐकलेलाच नाही. बोलताना आपण शेवटचा अ गिळतो : नळ्, घर्. टाळ्या वाजवून बघा. कमळ लिहायला तीन अक्षरं, पण टाळ्या दोनच : क-मळ. कोथिंबिरीत लिहायला चार, टाळ्या तीन. घर तर एका टाळीत संपतं. 'चमचा'मध्ये अ मधल्या मध्येच गळतो, चम्-चा. आपल्याला याचा पत्ताही नसतो, आणि मूल नेमकं इथेच अडतं.

म्हणून माझी पद्धत जरा उलटी आहे. घर, नळ, कमळ असे बिनकान्याचे शब्द आधी द्यायची आपल्याकडे रीत आहे, कारण ते दिसायला सोपे. जोडायला मात्र तेच अवघड. त्याआधी मामा, काका, बाबा, आजी, काकी द्या. मा आणि मा म्हणजे मामाच, काही गिळायचं नाही. त्यासाठी काना-वेलांटी लवकर शिकवावी लागते, तर शिकवा. हे जमलं की मग 'मान', 'नाक', 'मीठ'. घर आणि कमळ त्यानंतर.

वाचून घेताना 'घ, र, आता काय झालं?' असं विचारू नका. बोट एका अक्षरावरून दुसऱ्यावर सरकवा आणि आवाज मध्ये तुटू देऊ नका. म, न, स, ल असे लांबवता येणारे आवाज आधी घ्या. 'माऽऽन' ओढता येतं, 'ट' नाही ओढता येत.

पण त्याच्याही आधी पंधरा दिवस पुस्तक कपाटात ठेवा. भाजी निवडताना त्याला म्हणा, 'मला ते ब-टा-टा दे', 'ती बाट-ली आण'. तुकडे ऐकून वस्तू ओळखायची. दोन-तीन दिवसांत तोच तुम्हाला अशी कोडी घालायला लागेल, आणि त्याने तोडलेले तुकडे चुकीचे निघाले तर लगेच सुधारू नका, त्या तुकड्यांतून जे ऐकू आलं तीच वस्तू आणून द्या. मग 'म'ने सुरू होणाऱ्या पाच गोष्टी शोध, असं. भेंड्या तर आहेतच, शेवटचं अक्षर पकडायला याहून चांगला खेळ मला माहीत नाही.

मूल जरा मोठं झालं की 'च'ची भाषा. आम्ही गल्लीत पाण्याला 'चाणीप' आणि कमळाला 'चमळक' म्हणायचो. पहिला आवाज उचलून शेवटी न्यायचा आणि त्याच्या जागी च बसवायचा. आता विचार केला तर केवढी कसरत होती ती!

फोनिक्सच्या, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून वाचायला शिकवणाऱ्या, क्लासचं विचारलंत. इंग्रजीसाठी घालायचा तर घाला. तिथे अक्षराचं नाव 'डब्ल्यू' आणि आवाज भलताच, म्हणून आवाज वेगळे शिकवावे लागतात. आपल्या क चं नाव तेच आणि आवाजही तोच. मराठीसाठी मी तरी पैसे घालवणार नाही. (आपल्याकडे भानगड आहे ती च-ज ची : 'चाक' आणि 'चिमणी' यांतला च एक नाही. पण मुलं ते ऐकून आपोआप उचलतात, समजावत बसू नका.)

घाईही नको. 2021मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानानेसुद्धा समजून वाचता येण्यासाठी तिसरीपर्यंतची मुदत धरली आहे, तुमचा तर अजून पहिलीतही नाही. एवढं मात्र बघा : पाठीमागून हळू हाक मारली तर वळतो का, कान सारखा फुटतो का. शंका वाटली तर कान तपासून घ्या. जोडाक्षरांना सध्या हात लावू नका. हत्तीचं चित्र बघून 'हत्ती' म्हणाला तरी पुष्कळ झालं.