ओनोंची कारकीर्द अभ्यासताय? सुरुवात इथून करा

अभ्यासासाठी टोयोटाची उत्पादनपद्धत घडवणारे जपानी अभियंते ताइइची ओनो निवडलेत, छान केलंत. फक्त कानबानच्या कार्डांपासून (पुढचा माल कधी, किती हवा ते मागच्या टप्प्याला सांगणारी कार्डं) सुरू करू नका. बहुतेक नवे लोक तिथेच अडकतात. आधी माणसाचा प्रवास पाहा. नागोयाच्या तंत्रशाळेतून शिकून ते 1932 साली टोयोडाच्या सूतगिरणीत लागले, त्याच घराण्याच्या टोयोटा मोटार कंपनीत आले ते 1943 मध्ये. धागा तुटला की आपोआप थांबणारा माग हा या घराण्यातले संशोधक साकिची टोयोडांचा. म्हणूनच एकटा कामगार कितीतरी माग सांभाळू शके. ओनोंनी मोटार कारखान्याच्या यंत्रशाळेत तेच आणलं, एका माणसाकडे दोन-तीन यंत्रं. कामगारांनी विरोध केला, घडी बसायला वर्षं गेली. हा भाग सावकाश वाचा. मला तरी तो सगळ्यात मोलाचा वाटतो.

दोन चुका टाळा:
- सगळं श्रेय ओनोंना देणं. 'लागेल तेव्हाच, लागेल तेवढंच' ही मूळ कल्पना साकिचींचे पुत्र आणि टोयोटा मोटारचे संस्थापक किइचिरो टोयोडांची.
- पदांची यादी पाठ करणं. 1975 साली ते कार्यकारी उपाध्यक्ष झाले, एवढं पुरे.

गणितं, तक्ते नंतर बघू. ओनो शिकाऊ माणसाला खडूच्या वर्तुळात उभं करत. तुम्हीही या आठवड्यात आपल्या कारखान्यात तासभर एका जागी उभे राहा आणि काम कुठे खोळंबतं ते नुसतं बघा.