टर्नटेबलखालची बैठक : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आमच्या जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्याची जमीन लाकडी फळ्यांची आहे. कोणी चालले की रेकॉर्डवरची सुई उडते. टर्नटेबलखाली जाड रबर घालावे का?

रबराने हे थांबणार नाही. पावलांमुळे तुळया संथपणे, म्हणजे सेकंदाला मोजक्याच वेळा हलतात. कोणतीही मऊ बैठक मात्र तिच्या नैसर्गिक वारंवारतेच्या, म्हणजे धक्का दिल्यावर ती आपणहून सेकंदाला जितक्या वेळा हलते त्या आकड्याच्या, सुमारे 1.4 पटींच्या वरची कंपनेच अडवते. त्याखालची ती तशीच वर जाऊ देते आणि त्या वारंवारतेच्या आसपासची तर वाढवते. म्हणून जमिनीचा आधारच सोडावा. भार पेलणाऱ्या विटांच्या भिंतीत दोन मजबूत लोखंडी ब्रॅकेट बसवून त्यांवर प्लायची फळी टाकावी. पातळ पार्टिशनची भिंत या कामाला चालणार नाही.

प्रश्न : फ्लॅटमध्ये, काँक्रीटच्या जमिनीवर, टर्नटेबल आणि स्पीकर एकाच कपाटावर आहेत. आवाज वाढवला की घुमू लागतो. स्क्वॅशचे चेंडू अर्धे कापून टर्नटेबलखाली ठेवले, तर खर्ज अधिकच बिघडला. असे का?

आधी स्पीकर त्या कपाटावरून हलवा. ते तिथे असेपर्यंत बाकीचे उपाय अपुरे ठरतील.

चेंडूंचे उत्तर साध्या हिशेबात मिळते. वजन ठेवल्यावर आधार किती मिलिमीटर दबला ते मोजावे आणि त्या आकड्याच्या वर्गमुळाने 15.8 ला भागावे. येणारा आकडा म्हणजे बैठकीची अंदाजे नैसर्गिक वारंवारता, हर्ट्झमध्ये (सेकंदाला किती कंपने). चेंडू अडीच मिलिमीटर दबत असतील, तर ती 10 हर्ट्झच्या आसपास येते. टोनआर्म (सुई धरणारा दांडा) आणि कार्ट्रिज (त्याच्या टोकाचा, सुई बसवलेला भाग) यांचा एकत्रित अनुनाद, म्हणजे ते दोन्ही मिळून सर्वाधिक थरथरतात ती वारंवारता, रेकॉर्डच्या वाकडेपणाच्या वर आणि संगीताच्या खाली राहावा म्हणून मुद्दाम 8 ते 12 हर्ट्झच्या दरम्यान ठेवतात. तुमची बैठक नेमकी त्याच पट्ट्यात थरथरते आणि सुईला त्रास देते. अर्धवट मऊ बैठक कडक बैठकीपेक्षा वाईट ठरते ती अशी.

4 हर्ट्झपर्यंत उतरायचे, तर आधार सुमारे 16 मिलिमीटर दबला पाहिजे, आणि रबर हलत्या भाराखाली अधिक कडक वागत असल्याने प्रत्यक्षात थोडा जास्तच. लहान मुलांच्या सायकलची ट्यूब अगदी कमी हवा भरून दोन प्लायच्या फळ्यांमध्ये ठेवली, तर हे स्वस्तात साधते. वरची फळी कुठेही टेकू देऊ नका आणि पाणसळ लावून ती समतल करा. वजनासाठी कडप्पा वापरायचा असेल, तर त्यावर टिचकी मारून पाहा; तो घणघणत असेल, तर त्याऐवजी दोन प्लायमध्ये मऊ, चिकट थर देऊन केलेली फळी बरी.

मग परीक्षा घ्या. आवाज बंद ठेवून थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवा, आवाज हळूहळू वाढवा आणि कपाटावर बोटाने टकटक करा. घुमू लागले, तर लगेच आवाज कमी करा. हवेतून येणारा आवाज मात्र कोणतीही बैठक अडवत नाही. म्हणून रेकॉर्ड वाजताना वरचे झाकण काढून ठेवा.

प्रश्न : सीडी प्लेअर आणि ॲम्प्लिफायरखालीही असे काही करावे का?

गरज नाही. सीडीवरच्या माहितीतच चुका दुरुस्त करण्याची सोय असते. ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरला तर कंपनांची फिकीरच नसते. त्याचा ट्रान्सफॉर्मर 100 हर्ट्झने गुणगुणत असेल, तर तंत्रज्ञाकडून त्याच्याखाली रबरी वॉशर घालून घ्यावे. अपवाद व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या ॲम्प्लिफायरमधल्या काचेच्या नळ्यांचा. काही व्हॉल्व्ह टिचकीसरशी स्पीकरमधून ठणकतात. त्यांच्या काचेवर सिलिकॉनची कडी चढवावी. साधे रबर तिथल्या उष्णतेत टिकत नाही.