गावाचे आकडे गोपनीय असतात का?

प्रश्न : आमच्या गावात मराठी मातृभाषा असलेले किती लोक आहेत, हा आकडा मराठी शाळेसंबंधीच्या निवेदनाला जोडायचा होता. एका कार्यालयात ‘जनगणना गोपनीय असते’ असे सांगून आम्हाला परत पाठवण्यात आले. जनगणनेच्या संकेतस्थळावरही तक्ता सापडत नाही. काय करावे? – एक वाचक, खानापूर तालुका (जि. बेळगाव, कर्नाटक)

उत्तर : आपल्याला सांगितले ते अर्धेच खरे आहे. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नुसार प्रगणकाने घरोघरी केलेल्या नोंदी कोणालाही पाहता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. शेजाऱ्याने कोणती मातृभाषा सांगितली, हे आपल्याला कळण्याचे कारण नाही. परंतु त्या नोंदींची बेरीज करून तयार झालेले तक्ते लोकांसाठीच प्रसिद्ध केलेले असतात.

आपली खरी अडचण वेगळी आहे. २०११ च्या जनगणनेतील मातृभाषेचा ‘सी-१६’ तक्ता गावापर्यंत उतरत नाही, तालुक्यावर थांबतो. गाववार गोषवाऱ्यात लोकसंख्या, घरे, साक्षर, काम करणारे असे रकाने आहेत, भाषेचा नाही. म्हणून निवेदनाला तालुक्याचा आकडा जोडावा आणि गावापुरती शाळेची पटसंख्या मागावी.

पटसंख्येसाठी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या (बीईओ) कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. शुल्क १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस आहे. कर्नाटकाच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा लागतो, त्यामुळे शाळा का दुर्लक्षित राहिली याची कैफियत त्यात मांडू नये. ‘मागील पाच वर्षांची इयत्तावार पटसंख्या, नोंदवहीत असेल तशी’ एवढेच मागावे. कायद्याने अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत, म्हणजे येथे कन्नडमध्ये, करायचा असतो. मराठीला त्यात जागा नाही, ही सीमाभागातील जुनीच सल. मात्र लिहिता येत नसेल, तर तोंडी सांगितलेली मागणी लिहून घेण्यास साहाय्य करणे हे माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे.

तक्ता सापडत नाही, यामागे कदाचित नावाचाच घोळ असेल. बेळगावचे ‘बेळगावी’ हे अधिकृत नाव नोव्हेंबर २०१४ पासूनचे आहे. २०११ च्या तक्त्यांत जिल्हा जुन्याच नावाने आहे. निपाणी तालुका नंतर झाला, म्हणून तेथील वाचकांना तर या तक्त्यांत तो स्वतंत्र मिळणारच नाही, त्यांनी चिकोडीत पाहावे. तरीही न मिळाल्यास जनगणना संचालनालयाच्या बेंगळुरू कार्यालयाकडे अर्ज करावा. ते केंद्राचे कार्यालय असल्याने तेथे १५० शब्दांची अट नाही.

तक्ता हाती लागला की शीर्षक व तळटीपांसह छापून, उतरवल्याची तारीख घालून शाळेच्या दप्तरात ठेवावा. २०११ चे भाषाविषयक आकडे २०१८ मध्ये बाहेर आले, २०२१ ची जनगणना झालीच नाही आणि पुढील जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे. त्या जनगणनेचे भाषेचे तक्ते येईपर्यंत निवेदनाला जोडायला हाच आकडा आहे.